खाणारं कोण?

त्याच्या हातातलं चॉकलेट मी हिसकावून घेतलं.

ते तोंडाशी गेलं होतं. मी त्याचं मनगट धरलं, एकेक बोट उलगडलं आणि तुकडा काढून घेतला. बोटं ओली आणि गार होती. तो काहीतरी पुटपुटला, मला कळलं नाही. मग काउंटरच्या मागे, कूलरच्या अगदी समोर, तो खाली बसत गेला. दोरीवरून ओलं लुगडं घसरतं तसा. त्याच्या पायाशी चॉकलेटचा कागद पडला होता. फाटलेला.

मी आधी त्या कागदाकडे पाहायला हवं होतं. हा माणूस कागद कधी फाडत नसे. वरचा कागद वेगळा, आतली चांदी वेगळी, दोन्ही जसेच्या तसे उलगडायचा आणि परत घडी घालून ठेवायचा. पण मला दिसलं ते एवढंच, की आठ वर्षं ज्याने गोडाला तोंड लावलं नाही त्याचा धीर आज सुटला. मी शपथेला जागले आणि घास काढून घेतला.

हे कसं झालं ते नीट सांगते.

दुकान धरमपेठेत होतं. बिस्किटं, केक आणि चॉकलेटं. मी तिथं झाडलोट करायला लागले आणि पुढे पुडे बांधायला. चौथीपर्यंत शिकलेली होते, डब्यांवरचं मराठी वाचता येत होतं, तेवढं पुरलं. तो काउंटरवर होता. आम्ही दोघंही इतवारीकडच्या एकाच मोहल्ल्यातले, घरात माग असलेले. माग बंद पडले तेव्हा कोणी गिरणीत गेलं, कोणी रिक्षा ओढली, हा चॉकलेटं विकायला उभा राहिला. त्याचं नाव लिहीत नाही. आपलं नाव कुठे लिहिलेलं त्याला आवडत नसे. रेशनकार्डावर ते चुकीचं पडलं होतं, तेही त्याने शेवटपर्यंत दुरुस्त करून घेतलं नाही.

तुम्ही दुकानात जाता, बोट दाखवता आणि दुकानदार काढून देतो. त्याच्याकडे तसं चालत नसे. गिऱ्हाईक आलं की तो बरणीच्या झाकणावर तळहात ठेवायचा. म्हणजे बरणी उघडणार नाही, आधी बोला. आणि विचारायचा, "खाणारं कोण?"

"साहेबांना द्यायचं आहे. भारीतलं दाखवा."

"साहेब खात नसतात. साहेब घरी नेतात. घरी कोण आहे?"

मग गिऱ्हाईक आठवायला लागे. साहेबांची आई आहे. एक लहान मुलगी आहे. तो पुढचं विचारे, "आईले दात आहेत का?" माणूस चिडला तरी उत्तर देई. दात नाहीत म्हटल्यावर चिकट टॉफी बाद व्हायची, कडक गोळ्या बाद व्हायच्या. तिसरा प्रश्न ठरलेला: "तोंडात जायला किती वेळ?"

हा प्रश्न तुम्हाला विचित्र वाटेल. नागपूरच्या मे महिन्यात राहिलेल्याला वाटणार नाही. इथल्या इथे बर्डीपर्यंत जायचं असेल तर मऊ चॉकलेट चालेल. कामठीला जायचं असेल तर टॉफी. त्याच्या पुढे गोळ्याच. एकदा एकाने हट्टाने उमरेडला मऊ चॉकलेट नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला. वितळून पुन्हा घट्ट झालेलं, वर पांढरी पुटं आलेली. "बुरशी लागलेला माल विकता," म्हणाला. त्याने ते नखाने खरवडलं, वास घेतला आणि शांतपणे म्हणाला, "बुरशी नाही गा. हे वर आलेलं तूप आहे. मी काल विचारलं होतं ना तुले, किती वेळ?"

माणूस गोळ्या घेऊन गेला.

मी दुकानात लागल्यावर दोन वर्षांनी त्याला साखरेची बिमारी निघाली. तहान तहान करायचा, सदरा खांद्यावरून ढिला लोंबायला लागला. डॉक्टरांनी सुई लावून दिली. तिच्या औषधाची बाटली थंड ठेवावी लागे आणि आमच्या मोहल्ल्यात फ्रीज कोणाकडे असणार? मालक म्हणाले, ठेव दुकानाच्या फ्रीजमध्ये. त्यामुळे खणात चॉकलेटं आणि दाराच्या कोपऱ्यात ती बाटली. सकाळी दुकान उघडलं की तो आतल्या खोलीत काचेची सुई उकळायचा, मांडीत टोचून घ्यायचा, एक भाकर खायचा आणि बाहेर येऊन लोकांना गोड विकायचा. बारा वाजता डबा. सुई घेतली की वेळेवर पोटात काही पडलं पाहिजे, एवढं आम्हाला माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल, आम्ही ऐकलं नसेल.

लोक हसत. "खाऊन खाऊन झालं का हो?" म्हणत. तो म्हणे, "रेशीम विणणाऱ्याच्या घरी रेशीम नेसतात का?"

आता ज्याला चाखता येत नाही तो दुसऱ्याला निवडून काय देणार? जुन्या मालाची चव त्याला आठवत होती. नव्याचं काय? त्याने त्यावर उपाय काढला. तो उपाय म्हणजे मी.

नवी बरणी आली की तो मला आत बोलवायचा. "खाय."

मी खाई.

"कसं लागून राहिलं?"

"साबणासारखं."

"तुनं साबण कवा खाल्लं वं?"

"तोंड धुताना जाते का नाही तोंडात?"

तो विचार करायचा. "म्हंजे वास जास्त झाला. ज्याले सर्दी आहे त्याले चालन."

एकदा काळं, फार गोड नसलेलं चॉकलेट आलं. मी सांगितलं, "आधी कडू. मग मोहाच्या फुलासारखं. गिळून झाल्यावर गोड." हे त्याला फार आवडलं. त्याने ती बरणी वेगळ्या फळीवर ठेवली. पुढच्या आठवड्यात एक गृहस्थ आले. भावाशी बोलणं बंद होतं, आता भावाच्या मुलीचं लग्न निघालं होतं, काहीतरी घेऊन जायचं होतं. त्याने ती बरणी काढली आणि बजावलं, "आधी कडू लागते, हे त्यांना सांगून द्या. नाहीतर वाटेल तुम्ही मुद्दाम देल्लं."

माझ्या घरी चॉकलेट कोणी आणलं नाही आणि मला कोणी दिलं नाही. पण धरमपेठेतल्या बंगल्यांतल्या बायकांनी खाल्ली नसतील इतक्या प्रकारची मी खाल्ली आहेत. काउंटरवर तो सांगायचा ते माझ्या जिभेचं असायचं. "मागून वेलदोडा येतो," असं तो गिऱ्हाइकाला म्हणायचा तेव्हा मी मागे सुतळी कापत असे आणि मान वर करत नसे.

त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, एक दिवस नळावर मला भेटली. बादली खाली ठेवून म्हणाली, "तू दिवसभर त्याच्यापाशी राहते. त्याच्या हातात गोड दिसलं का हिसकून घेजो. लाजू नोको. माही शपथ हाय तुले."

मी हो म्हणाले. पुरुषाच्या तोंडचा घास काढायचा, हे काही चांगलं काम नव्हे. पण शपथ ती शपथ. आणि आठ वर्षांत तशी वेळ आली नाही. तो बोटाला लागलेलं चॉकलेटसुद्धा फडक्याला पुसायचा.

आता एका बाईबद्दल सांगायला हवं. चष्मा लावायची, नेसणं टापटीप, नवरा कुठल्याशा सरकारी कचेरीत. ती महिन्यातून एकदा यायची आणि नेहमी तोच चित्राचा डबा मागायची. झाकणावर फुलांची परडी होती. पहिल्या वेळी त्याने झाकणावर तळहात ठेवून विचारलं, "खाणारं कोण?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"डब्यातला माल कडक असतो. घरात म्हातारं कोणी असेल तर..."

"घरात म्हातारं कोणी नाही," ती म्हणाली आणि चष्मा काढून पुसायला लागली. "डबा द्या."

त्याने दिला. पण ती गेल्यावर दिवसभर त्याला चैन पडलं नाही. पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली, त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं नाही. असं वर्षानुवर्षं चाललं. तिचा राग खरा होता आणि त्याचा हट्टही. "त्या बाईले डबाच पाहिजे असन, सुया-दोरे ठेवाले," मी म्हणाले. तो म्हणाला, "एवढे सुया-दोरे कोणाकडे असते वं?"

तर तो दिवस. मॅट्रिकचा निकाल लागला होता, ऊन मी म्हणत होतं आणि दुकानात सकाळपासून गर्दी. निकालाच्या दिवशी लोक प्रश्नांना उत्तरं देत नाहीत, घाईत असतात. त्यात साडेअकराला भिवापूरचा एक मिरचीवाला आला. खांद्यावरच्या पिशवीतून मिरचीचा वास असा येत होता, की शेजारच्या बाईला ठसका लागला.

"पोरगी म्याट्रिक झाली माही," तो म्हणाला. "गावात पहिली. सगळ्यात नरम, बढिया चॉकलेट दे गा भाऊ."

"भिवापूर? एसटीनं? या उनात? गोळ्या ने."

"गोळ्या? ते काय लहान पोट्टी हाय? गोळ्या मी तिले बाजारातून रोज नेतो."

त्याने गिऱ्हाइकाकडे पाहिलं. एरवी तो ऐकला नसता. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. मला म्हणाला, "बाई, शेजारून बर्फ आण. आन् लाकडाचा भुसा."

मग त्याने सगळं काम बाजूला ठेवलं. मऊ चॉकलेट केळीच्या पानात गुंडाळलं, ते डब्यात, डबा भुशात, भुशाभोवती बर्फ, वरून ओलं गोणपाट आणि दोरी. दोरीची गाठ अशी, की एक टोक ओढलं की सुटावी. आमच्या लोकांना ती गाठ येते, तुटलेला धागा जोडताना शिकलेली. बांधता बांधता मिरचीवाल्याला दम देत होता. "हे त्या पिशवीत ठेवशीन तर पोरगी एक तुकडा खाईन आन् पाणी मागन. मांडीवर ठेव. सावलीच्या बाजूनं बस."

बारा वाजले. मी म्हणाले, "भाऊ, डबा."

"हे बांधून देतो आन् खातो."

मिरचीवाला गेला तर आणखी चौघं उभे होते. साडेबाराला मी पुन्हा म्हणाले. तो म्हणाला, "हो ना बाप्पा." एक वाजता त्याने एका मुलीला विचारलं, "खाणारं कोण?" तिने सांगितलं. त्याने बरणी उघडली, बंद केली आणि परत विचारलं, "खाणारं कोण?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्याबरोबरचा माणूस वैतागला. तसा हाच त्या माणसावर खेकसला. गिऱ्हाइकावर खेकसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, गर्दी आहे, ऊन आहे.

गर्दी ओसरली. चष्मेवाली बाई तेवढ्यात आत आली, आपला महिन्याचा डबा न्यायला. तो कूलरच्या समोर उभा होता आणि कपाळावरून घाम गळत होता. त्याने हात लांब करून बरणीतून एक चॉकलेट घेतलं.

पुढचं तुम्हाला सांगून झालं आहे.

बाई काउंटरवरून वाकली. "काय झालं यांना?"

"काही नाही. ऊन लागलं."

"कूलरसमोर?" तिने त्याचा घाम पाहिला. मग फ्रीजकडे पाहिलं. दारातली बाटली तिने कधीतरी पाहिली असणार. "हे सुई घेतात ना? जेवले का?"

"नाही."

"साखर आण."

"त्याले साखर चालत नाही, बाई. जहर हाय."

"आण म्हणते ना."

मी हलले नाही. सांगायला लाज वाटत नाही, मी मधे उभी राहिले. म्हणाले, "डॉक्टरनं मना केलं हाय. त्याच्या बायकोची शपथ हाय मले." माझ्या मुठीत त्याचं चॉकलेट होतं, वितळायला लागलेलं.

काउंटरच्या मागे गिऱ्हाईक कधी येत नसे. ती आली. चपला घालून आली, मला कोपराने बाजूला केलं, आतून चहाच्या साखरेचा डबा आणला. खाली बसून त्याचं डोकं तिने मांडीवर एका कुशीला घेतलं, बोट ओलं केलं, साखरेत बुडवलं आणि त्याच्या गालाच्या आतून फिरवलं. मी तिचंही मनगट धरलं. जसं त्याचं धरलं होतं तसंच.

तिने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "हात काढ. मी एकदा पाहिलं आहे."

मी हात काढला.

पुन्हा बोट, पुन्हा साखर. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. त्याचा जबडा हलला. मग गिळायला लागला, तेव्हा तिने साखरेचं पाणी करून घोट घोट दिलं. त्याने डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "भिवापूरची गाडी भेटली का त्याले?"

मी मुठीतलं वितळलेलं चॉकलेट फडक्याला पुसलं.

मालकांनी रिक्षाने डॉक्टरकडे नेलं, मी बरोबर गेले. डॉक्टरांनी मला उभं करून समजावलं. साखर वर चढली की माणूस वर्षांनी मरतो, खाली उतरली की तासाभरात. सुई घेऊन जेवला नाही की ती उतरते. तेव्हा त्याच्या हातातलं गोड काढायचं नसतं, नसलं तर द्यायचं असतं. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं. मला जे सांगितलं होतं ते मी केलं होतं.

परतताना रिक्षात मी म्हणाले, "भाऊ, मीच हिसकावलं."

"मालूम आहे. तुले शपथ आहे, तेही मालूम आहे. तिनं मले त्याच दिवशी सांगितलं होतं." मग म्हणाला, "आठ वर्षांनी हातात घेतलं आन् तुनं चवबी घेऊ देल्ली नाही."

घरी त्याने सांगितलं, ऊन लागलं. मीही तेच सांगितलं. वहिनी मला म्हणाली, "लक्ष ठेवजो बाई," आणि मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले ते ठरवूनच. दुकान उघडल्यावर त्याच्यासमोर उभी राहिले आणि बरणीवर तळहात ठेवला.

"खाणारं कोण?"

त्याला कळलं. "मी," तो म्हणाला.

"दात?"

"बावीस."

"तोंडात जायला किती वेळ?"

"खिशातून तोंडापर्यंत."

मी चॉकलेटं बाद केली. त्यात तूप असतं, साखर लवकर लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि खिशात वितळतात. टॉफी चिकटते. राहिल्या संत्र्याच्या गोळ्या, दुकानातली सगळ्यात स्वस्त बरणी. तो नाराज झाला. "एवढ्या दुकानातून तुले हेच सापडलं?"

"कागद पाह्य."

त्याने गोळी हातात घेतली. दोन्ही टोकांना पीळ दिलेला कागद. दोन्हीकडून ओढलं की गोळी सुटते, ना चांदी, ना घडी. थरथरत्या हातालाही उघडेल असा तो एकच कागद होता. त्याने दोनदा ओढून पाहिला आणि परत पिळला.

"बरोबर हाय," तो म्हणाला. माझी निवड त्याने मान्य केली ती ती एकच.

तेव्हापासून त्याच्या सदऱ्याच्या खिशात पाच गोळ्या असत. बोलताना तोल गेला, तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, की मी मागून म्हणायची, "भाऊ, खिसा." आणि तो पाठ फिरवून गोळी तोंडात टाकायचा. उन्हाळ्यात गोळ्या कागदाला चिकटतात, म्हणून दर सोमवारी मी त्या बदलत असे.

त्या बाईला काय द्यायचं, यावर मात्र त्याने तीन दिवस घालवले. मला सात प्रकार चाखायला लावले. मी म्हणाले, "खाणारं कोण, ते तर ठरव." तो म्हणाला, "तेच तर तिनं कधी सांगितलं नाही." ती आली तेव्हा त्याने हात जोडले आणि म्हणाला, "बाई, आता तरी सांगा."

"डबा द्या," ती म्हणाली.

त्याने डबा दिला. तो आधीच उघडून, आतला कडक माल काढून, त्यात सगळी ताजी, मऊ चॉकलेटं त्याने स्वतः लावली होती. खाणारं कोण हे माहीत नसताना त्याने निवडून दिलं ते तेवढंच. पुढे दर महिन्याला तिचा डबा तो तसाच भरून ठेवी. तिने तो कधी परत केला नाही.

ऊन लागल्याची गोष्ट फार दिवस टिकली नाही. एक दिवस वहिनी माझ्या दारात आली. मुठीत चार-पाच कागद, पीळ सुटलेले.

"सदरा धुवून राहिली होती. हे काय हाय? काहून वं, तुले शपथ घातली होती ना मी?"

खोटं बोलता आलं असतं. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. हिसकावलं कसं, बोटं कशी उलगडली, मधे कशी उभी राहिले, सगळं. तिने ऐकून घेतलं. कागद मांडीवर ठेवून एकेक सरळ करत बसली. जाताना म्हणाली, "शपथ माहीच होती." आणि दारातून परत वळून विचारलं, "कोणती गोळी?"

"संत्र्याची."

त्या दिवसापासून सोमवारी मला गोळ्या बदलाव्या लागल्या नाहीत.

तो आणखी अकरा वर्षं जगला. त्यातली आठ काउंटरवर. सात वर्षांनी त्याची नजर गेली, त्या बिमारीत जाते. तरी वर्षभर तो बोटांनी काम करत राहिला. कागदाच्या आवाजावरून बरणी ओळखायचा. गिऱ्हाईक दिसत नसे, म्हणून प्रश्न आणखी वाढले. मग पायाची जखम भरेना, मग घरी बसला. एका हिवाळ्यात सकाळी गेला. झोपेत नाही, बोलता बोलता. वहिनीला चहात साखर कमी पडली का असं विचारत होता, तिच्या चहात.

काउंटरवर मालकांनी मला उभं केलं. मला एवढं मराठी वाचता येत होतं आणि सगळ्या बरण्यांची चव ठाऊक होती. चष्मेवाली बाई त्या महिन्यात आली. तिचे केस आता पांढरे झाले होते. तिने काउंटरच्या मागे पाहिलं, आणि मी सांगायच्या आधीच तिला समजलं.

मी डबा काढला. आतली कडक चॉकलेटं काढून मऊ भरायला घेतली. हात चालू होते आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "खाणारं कोण?"

मला वाटलं आता चिडेल. ती स्टुलावर बसली.

"सासूबाई," ती म्हणाली.

"घरात म्हातारं कोणी नाही म्हणाल्या होत्या तुम्ही."

"नाहीच. तसबिरीपुढे ठेवते. मग दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मुलांना वाटते." तिने चष्मा काढला. "त्यांनाही सुई होती. गोडाची फार आवड. एकदा दुपारी कपाटातून लाडू काढून खायला लागल्या. घामाने भिजलेल्या. मला वाटलं, चोरून खातात. मी हातातून काढून घेतला. तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं."

मी दोरी बांधली. एक टोक ओढलं की सुटेल अशी. ती डबा घेऊन गेली.

तिच्या घरी मधे यायला कोणी नव्हतं. सासूबाई त्याच दुपारी गेल्या. आमच्या दुकानात ती होती, म्हणून तो वाचला.